लाल दिव्याचा वैरी

तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते, जेवायला बसलो की पहिलं ताट त्याचं वाढते. नवऱ्याचा मोठा भाऊ, त्यामुळे सुटका नाही. पण इथे लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. एवढीही मोकळीक घ्यायची नसेल तर लिहायला बसायचं कशाला?

कारखान्यात त्याला मांत्रिक म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात. बिस्किटं, साबण वगैरे ज्या चकचकीत फिल्ममध्ये गुंडाळून येतात, तिचे भलेमोठे रोल कापून लहान रोल करायचा आमचा कारखाना. तिथे तो इलेक्ट्रिशियन आहे. मी कटिंगच्या मशीनवर, माझी मोठी जाऊ म्हणजे त्याची बायको पॅकिंगला, आणि माझा नवरा गोदामात. आम्हा तिघांनाही तिथे चिकटवलं त्यानेच, आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलणं फिरून फिरून नोकरीवर येतं.

मांत्रिक नाव पडलं ते असं. मशीन बंद पडलं की त्याला हाक जाते. तो डुलत डुलत येतो, पॅनेलचं दार उघडतो, आमच्याकडे पाठ करून आत खुडबुड करतो, आणि मशीन चालू होतं. काय केलं म्हणून विचारलं तर नुसता हसतो. ‘हाताला गुण आहे बाबा त्याच्या,’ असं सगळे म्हणतात. मॅनेजर तर त्याला हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरूच देत नाही.

त्या पॅनेलमध्ये एक करडा डबा असतो. त्याला ड्राइव्ह म्हणतात. मोटरला करंट पुरवायचं आणि तिचा वेग ठरवायचं काम त्याचं. पण पुरवता पुरवता तो डबा मोटरवर नजरही ठेवून असतो. ती नेहमीपेक्षा जास्त ओढतेय का, तापलीय का, एखादी वायर सोलवटून लोखंडाला टेकलीय का, सगळं तो बघतो. तसं काही आढळलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत करंट तोडतो, लाल दिवा लावतो आणि बारक्या पडद्यावर बिघाडाचा आकडा दाखवतो. ट्रिप झालं म्हणतात ते हेच. कुठेतरी बिघडलंय, आधी ते बघा, मग मला चालवा, एवढंच त्या डब्याचं म्हणणं असतं.

मांत्रिकाला हे ऐकून घेणं जमत नाही. लाल दिवा लागला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते, जणू काही डब्याने त्याला चारचौघांत शिवी दिली. ‘नाटक करतंय साल्याचं,’ म्हणतो. मग बिघाड शोधायचा सोडून तो डब्याचंच तोंड बंद करतो. करंटची मर्यादा एवढी वाढवून ठेवतो की डब्याला जास्त हे जास्त वाटूच नये. मोटरच्या पोटात उष्णता कळण्यासाठी एक सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या दोन वायरी तो डब्यापाशीच एकमेकींना पिळून टाकतो. मग आत मोटर भाजून निघाली तरी डब्याच्या लेखी ती गारच. मी हे कुणाकडून ऐकलेलं नाही. त्याला सामान लावून ठेवायची सवय नाही, पक्कड धरून मलाच उभं राहावं लागतं, आणि पक्कड धरणाऱ्या बाईला डोळे असतात हे त्याच्या गावीही नसतं.

माझा नवरा सांगतो की तो लहानपणापासून असाच आहे. घरात गजराचं घड्याळ होतं, ते वाजलं की तो उठायचा नाही, उशीखाली दाबून ठेवायचा. शाळा सोडून वायरिंगच्या कामाला लागला तेव्हा एका इमारतीची लिफ्ट अडकली होती. दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून लिफ्ट हलत नव्हती. दार उघडं असताना ती हलू नये म्हणूनच तर दाराला स्विच बसवलेला असतो. याने दाराच्या स्विचला एक वायरीचा तुकडा लावला आणि लिफ्ट उघड्या दारानिशी वर निघाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या त्याच्या डोक्यात गेल्या त्या अजून उतरलेल्या नाहीत.

घरात वेगळं काही नाही. पाणी तापवायचा हीटर लावला की फ्यूज उडायचा, तर त्याने फ्यूजमध्ये बोटाएवढी जाड तार घातली. आता फ्यूज उडत नाही, भिंतीतला स्विच तापतो आणि न्हाणीघरात जळका वास येतो. मी म्हटलं, ‘भाऊजी, वास येतोय.’ तर म्हणाला, ‘तुझं नाक फार लांब झालंय.’ जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांना जिना चढताना धाप लागते, मधेच कठड्याला धरून उभ्या राहतात. त्यावर त्याचं औषध एकच, ‘चढ, चढ, बसलीस तर तशीच राहशील.’ ताई चढतात. वर आल्यावर ओठ निळे पडलेले असतात आणि त्या तशाच चहा टाकायला वळतात. माझा नवरा हे बघतो आणि मूग गिळून बसतो. ‘दादा आहे तो,’ एवढंच उत्तर मला रात्रंदिवस मिळतं. दादा आहे म्हणजे काय आहे, हे अजून कुणी मला समजावून सांगितलेलं नाही.

त्याचं चांगलंही सांगायला हवं, नाहीतर मी खोटी पडेन. कुणाची मोटर अडली, कुणाचा पंप बसला, तर तो जेवणावरून उठून जातो. माझ्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर हाच बसून होता. माणूस आळशी नाही, कामचुकार नाही. म्हणून तर त्याचा जास्त राग येतो. आळशी असता तर इतकी मशीनं त्याच्या हाती लागलीच नसती.

आता कटिंगच्या मशीनकडे येते. त्यात दोन रबरी रोलर एकमेकांना घासून फिरतात आणि त्यांच्यामधून फिल्म पुढे जाते. कधी फिल्म तुटते आणि पुढे जायच्या ऐवजी रोलरलाच गुंडाळत बसते. गुंडाळी जाड झाली की मोटरला ओढ बसते, डबा ट्रिप होतो, मशीन थांबतं. मग आम्ही दोन रोलरच्या फटीत हात घालून नखाने, पट्टीने ती गुंडाळी सोलून काढतो. म्हणजे मशीन ट्रिप झालं, की नेमकी तेव्हाच आमची बोटं आत असतात. हे लक्षात ठेवा, कारण मांत्रिकाने ते लक्षात ठेवलं नाही.

मशीनवर तातडीने थांबवायचं लाल बटण आहे. खरं म्हणजे ते दाबल्याशिवाय हात घालायचाच नाही. पण ते दाबलं की सगळीच ताकद जाते, फिल्मचा ताण सुटतो, सुरकुत्या पडतात आणि लावलेला अख्खा रोल बाद होतो. त्यामुळे बटण दाबायचं नाही ही आमच्याकडची रीत. रीत पाडली कुणी, ते सांगायला नको. ट्रिप झालंय म्हणजे थांबलंय, असंच सगळे धरून चालायचे, आणि तोवर ते खरंही होतं. पॅनेलपाशी जाऊन कुणी रिसेट केल्याशिवाय मशीन हलत नसे.

त्याने मर्यादा वाढवून ठेवलेली असूनही या उन्हाळ्यात मशीन फारच ट्रिप व्हायला लागलं. गुंडाळी नसतानाही व्हायचं. मोटरच्या बाजूने घरघर यायची, वर हात ठेवला तर चटका बसायचा. मी त्याला म्हटलं, ‘मोटर एकदा खोलून बघा, बेअरिंग गेलं असेल.’

‘तू खेचतेस जोरात,’ तो म्हणाला.

‘मी कशाला खेचू? माझ्या हातात काय लगाम आहे?’

‘मग मशीन नाटक करतंय. बघतो त्याच्याकडे.’

बघितलं म्हणजे काय केलं, ते त्याने त्याच दिवशी जेवताना फुशारकीने सांगितलं. डब्यात एक सोय असते. ट्रिप झालं की काही सेकंद थांबून डबा स्वतःच रिसेट होतो आणि मशीन आपलं आपण सुरू होतं. दूर रानात पाण्याचा पंप असतो, तिथे माणूस नसतो, तिथल्यासाठी ही सोय. याने ती आमच्या कटिंगच्या मशीनवर चालू करून ठेवली होती.

‘आता मला सारखी हाक मारायची गरज नाही,’ भाताचा घास कालवत तो म्हणाला. ‘तीन वेळा आपोआप चालू होतं. चौथ्यांदा मात्र बसून राहतं, तेव्हा बोलवा मला.’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ‘भाऊजी, आणि आमची बोटं आत असली तर?’

‘काढायची ना मग. काही सेकंद देतोय की.’

‘गुंडाळी काय काही सेकंदांत निघते?’

‘तुम्हा बायकांना कामच नको असतं.’ मग भावाकडे वळून, ‘काय रे?’ माझ्या नवऱ्याने ताटात बघितलं. ताईंनी मला आणखी भात वाढला, मी मागितला नसताना.

दुसऱ्या दिवसापासून मशीन थांबेना. मॅनेजर खूश झाला, माल वाढला, मांत्रिकाच्या पाठीवर थापा पडल्या. मी मात्र प्रत्येक वेळी बटण दाबल्याशिवाय आत हात घालायचा नाही असं ठरवलं, आणि रोल बाद व्हायला लागले. मॅनेजरने बोलावून विचारलं. मी सगळं सांगितलं. सेन्सरच्या पिळलेल्या वायरी, वाढवलेली मर्यादा, आपोआप रिसेट, एक गोष्ट ठेवली नाही. त्याने मांत्रिकाला बोलावलं.

‘घरातलं भांडण आहे साहेब,’ मांत्रिक हसत म्हणाला. ‘धाकटीचा आमच्यावर राग आहे. तो इथे काढतेय.’

एवढं म्हटल्यावर मॅनेजरला सुटल्यासारखं झालं. घरातलं भांडण म्हणजे त्याला काही करायला नको. मी म्हटलं, ‘ठीक आहे. ते रिसेट काढा, नाहीतर मी त्या मशीनवर उभी राहणार नाही.’

‘नको राहूस,’ मांत्रिक म्हणाला. ‘माझी बायको उभी राहील.’

माझी जिरवायला त्याने स्वतःची बायको पुढे केली होती. तेही ज्या मशीनवर काय करून ठेवलंय हे साऱ्या कारखान्यात त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, त्या मशीनवर. माझा आजवरचा सगळा राग त्या दिवशी मला फिका वाटला.

घरी मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. ‘ताई, नाही म्हणा. सरळ नाही म्हणा.’

‘त्यांना नाही म्हटलेलं चालत नाही गं,’ त्या कणीक मळत म्हणाल्या. ‘तुला येतं ते. मला नाही येत.’

‘मग निदान बटण दाबत जा.’

‘ते ओरडतात.’

मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, दादा बायकोचं वाईट कसं करील? असल्या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. निदान भिंत आपल्याच भावाची री तरी ओढत नाही.

ताई मशीनवर लागल्या. मला पॅकिंगला टाकलं, पण माझं टेबल मशीनपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि माझं अर्धं लक्ष तिकडेच. त्या सावकाश चालवायच्या, फिल्मला हाताने गोंजारत. एके दिवशी सकाळी मशीन ट्रिप झालं आणि आपोआप सुरू झालं. ताई दचकून मागे सरल्या. पुन्हा एकदा झालं, आणि मग तिसऱ्यांदा. मांत्रिक जवळच एका पंख्याची वायर जोडत होता, तो दर वेळी मान वर करून मोठ्याने आकडा म्हणायचा. एक. दोन. तीन. लहान मुलांचा खेळ असावा तसा. नंतर मशीन बराच वेळ नीट चाललं. नुकताच नवा रोल लावून झाला होता, तेवढ्यात मॅनेजर फेरी मारायला आला आणि मशीनकडे बघत उभा राहिला.

आणि फिल्म तुटली. रोलरला फटाफट गुंडाळी बसली, घरघर वाढली, लाल दिवा लागला, मशीन थांबलं.

‘घाल हात,’ मांत्रिक पुढे येत म्हणाला. ‘काढ पटकन.’

ताईंनी हात उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

‘ताई, नको!’ मी टेबल सोडून धावले. ‘आधी बटण दाबा!’

तो बटणाच्या समोर येऊन उभा राहिला. ‘बटणाला हात लावून बघ तू. नवा रोल आहे. तीन वेळा झालंय सकाळपासून, मी मोजलंय. आता मी रिसेट केल्याशिवाय याचा बापसुद्धा फिरणार नाही. घाल गं हात.’

ताई रोलरच्या फटीकडे बघत होत्या. त्यांचा हात अजून वर उचललेलाच होता. मग त्यांनी तो खाली घेतला, पदराला पुसला, आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, ‘मग तुम्ही घाला की.’

‘काय?’

‘तुम्ही मोजलंय ना? तुम्हीच घाला.’

मी त्या घरात आल्यापासून ताईंनी त्याला उलटून एक शब्द बोललेला ऐकला नव्हता. पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. मांत्रिक हसला. त्याने बाही वर केली, रोलरकडे एक पाऊल टाकलं. हात पुढे नेला आणि फटीच्या अलीकडे थांबवला. बोटं तिथेच हवेत राहिली. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याचा त्या मोजण्यावर विश्वास होता, बायकोच्या हातापुरता तरी नक्कीच होता.

‘माझी बोटं जाड आहेत,’ तो हात मागे घेत म्हणाला. ‘त्या फटीत बाईचाच हात जातो.’

डब्याचा हिशोब वेगळा असतो, हे मला नंतर बाहेरून आलेल्या ड्राइव्ह कंपनीच्या माणसाने सांगितलं. मधे काही वेळ मशीन बिनतक्रार चाललं, की डबा आधीचं सगळं विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. ताईंनी हळूहळू, नीट चालवलं होतं, तेवढ्यात मांत्रिकाचे एक दोन तीन पुसले गेले होते. सोय त्यानेच चालू केली होती, पण तिची पुढची ओळ वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

त्याचं वाक्य संपतंय तोवर पॅनेलमध्ये टक् असा आवाज झाला, लाल दिवा विझला, आणि दोन्ही रोलर गरागरा फिरायला लागले. गुंडाळी त्यांच्यामध्ये चेपत, किंचाळत आत जात होती. पॅकिंगमधली एक बाई ओरडली. ताईंनी दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते.

मांत्रिक क्षणभर रोलरकडे बघत राहिला. मग मॅनेजरकडे वळला आणि तोंड भरून म्हणाला, ‘बघा साहेब, झालं ना चालू!’

ताई पुढे आल्या. त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, फिल्म ढिली पडून खाली लोंबायला लागली. त्यांना धाप लागली होती, तरी त्या बोलल्या.

‘माझा हात असता ना आत.’

‘पण नव्हता ना,’ तो म्हणाला, आणि नवा रोल बाद केला म्हणून सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडायला लागला.